चार डब्यांचा हिशेब: रेल्वेडब्यांच्या कामात येऊ पाहणाऱ्यांसाठी

लातूरच्या डबा कारखान्याचं भूमिपूजन ३१ मार्च २०१८ला झालं आणि २५ डिसेंबर २०२०ला तिथून पहिल्या डब्याचा शेल, म्हणजे नुसता सांगाडा, बाहेर आला. तेव्हापासून गावी गेलो की पोरं विचारतात, "दादा, यात शिरायचं तर काय शिकू?" मी मेकॅनिकलचा डिप्लोमा करून परराज्यातल्या एका कारखान्यात शिकाऊ म्हणून लागलो होतो. तिथे जे कळलं ते सांगतो.

आधी एक शब्द नीट करून घ्या. आपण डब्यालाच बोगी म्हणतो. कारखान्यात बोगी म्हणजे डब्याखालची चाकं, ॲक्सल आणि स्प्रिंगांची गाडी. मुलाखतीत हा घोळ लगेच दिसतो.

दुसरी गोष्ट जास्त मोलाची. नवी गाडी कुणी एकटी एकटी बनवत नाही, तिचं घराणं बनवतात. मेमू घ्या, म्हणजे जवळच्या अंतरावर धावणारी विजेवरची गाडी. तिचा मूळ संच चार डब्यांचा: एक मोटर कोच आणि तीन साधे डबे. म्हणजे चारातला एक डबा ओढतो. वंदे भारतमध्येही संच चारचाच, पण त्यातले दोन डबे मोटरचे, म्हणून निम्मे ॲक्सल जोर लावतात आणि गाडी चटकन वेग घेते. आता बेरीज बघा. दोन संच जोडले की आठ डबे, चार जोडले की सोळा, पाच जोडले की वीस. ३० डिसेंबर २०२३ला जालना-मुंबई वंदे भारत आठ डब्यांची सुरू झाली. ऑगस्ट २०२५मध्ये ती नांदेडपर्यंत आली तेव्हा वीस डब्यांची झाली. त्यासाठी नवं डिझाइन करावं लागलं नाही. गर्दी वाढली की संच वाढवायचे, ही सोय पहिल्या रेखाटनातच असते.

हा विचार आपल्या मातीला नवा नाही. कुर्डुवाडी-लातूर भागातल्या जुन्या बार्शी लाइटची पहिली गाडी १८९७ला धावली, १९११ला ती लातूरला पोचली. तिचे इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी इंजिनापासून मालडब्यापर्यंत दर ॲक्सलवर ५ टनांचीच मर्यादा ठेवली आणि मालडबे २५ फूट बाय ७ फुटांच्या एकाच चौकटीवर उभारले. चौकट तीच, वरचं काम गरजेप्रमाणे. आमच्या आजोबांनी त्या गाडीतून भुसारमाल नेला. तिच्यामागचं हे गणित मला मात्र नोकरीत लागल्यावर समजलं, आणि फार अभिमान वाटला.

आता हाताचं काम. माझा पहिला मोठा दणका साइडवॉलवर, म्हणजे डब्याच्या बाजूच्या भिंतीवर, बसला. स्टेनलेस स्टील तापलं की साध्या पोलादापेक्षा जास्त फुगतं आणि उष्णता लवकर सोडत नाही. म्हणून वेल्डिंगचे टाके मधून कडेकडे, आलटून पालटून घालायचे, असा क्रम ठरलेला असतो. घाईत मी एका कडेने सरळ वेल्डिंग करत गेलो. दुपारी पट्टी लावली तर पत्र्याला पोट आलेलं. सुपरवायझर ओरडले नाहीत. "आता हा सरळ कर," एवढंच म्हणाले. तापवणं, पाणी मारणं, पुन्हा मोजणं, यात दोन दिवस गेले. त्या दोन दिवसांत जे शिकलो ते कुठल्याच वर्गात शिकलो नव्हतो.

म्हणून आयटीआयवाल्यांनो, वेल्डर किंवा फिटर असाल तर नुसतं जोडणं नको, जोडण्याचा क्रम वाचायला शिका. रेल्वेडब्यांच्या वेल्डिंगसाठी ईएन १५०८५ हे मानक आहे, वेल्डरच्या परीक्षेसाठी आयएसओ ९६०६. ही नावं तरी तोंडात असू द्या. इलेक्ट्रिकलवाल्यांनी थ्री-फेज मोटर आणि ब्रेक मारताना वीज तारेत परत कशी जाते, हे पक्कं करा. जुन्या मेमूच्या डीसी मोटरचे ब्रश, म्हणजे फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे, झिजायचे; नव्यात ती कटकट उरली नाही. ड्रॉइंग वाचता येणं तर सगळ्यांनाच हवं, त्यात सूट नाही.

सुट्टीत परभणी जंक्शनला वही घेऊन जा. येणाऱ्या प्रत्येक गाडीत मोटर कुठे आहे, किती डब्यांनी जोडणी बदलते, दार केवढं, पायरी आणि फलाटात अंतर किती, हे लिहा. उंच फलाट ७६० ते ८४० मिलिमीटरचा असतो. आजीबाई गाठोडं घेऊन चढताना कुठे अडते ते बघा आणि ते माप वहीत वेगळ्या रंगाने लिहून ठेवा.