हॅलोजन काढून एलईडी लावताय? या चुका टाळा

कोथरूडचा आमचा फ्लॅट घेतला तेव्हा पीओपीचं सीलिंग आणि त्यात हॅलोजनचे स्पॉट असल्याशिवाय हॉल पूर्ण झालाय असं कुणालाच वाटत नसे. आमच्याकडेही असे सहा होते, प्रत्येकी ५० वॉटचे. रोज पाच तास लागले तर दिवसाला दीड युनिट, महिन्याला ४५. तेच सहा दिवे ५ वॉटच्या एलईडीचे केले की महिन्याला साडेचार युनिट. शिवाय महावितरणचं बिल टप्प्याटप्प्याने चढतं, त्यामुळे वाचलेली ४० युनिटं सगळ्यात महागड्या टप्प्यातून कमी होतात. एवढा हिशेब मांडल्यावर मी तपकीर गल्लीत जाऊन सहा एलईडी घेऊन आलो. दुकानदाराने विचारलं होतं, "ट्रान्सफॉर्मर कुठला आहे?" मी म्हटलं, "तो आहे हो, तुम्ही बल्ब द्या." पहिली चूक ती.

पाच बदलले. सहावा शोकेसच्या बरोबर वर होता, शिडी लागेना म्हणून तसाच ठेवला. संध्याकाळी बटण दाबलं तर चार दिवे गणपतीच्या माळेसारखे लुकलुकायला लागले. एक मात्र शांतपणे जळत होता, आणि तो होता न बदललेल्या हॅलोजनच्या शेजारचा. वायरमन आला, वर पाहिलं आणि म्हणाला, "माल डुप्लिकेट आहे." माल ठीक होता. त्या एका शहाण्या दिव्याने खरं कारण सांगितलं होतं, आम्ही कुणी ऐकलं नाही.

दोष बल्बचा नसतो, मागच्या डब्याचा असतो

दोन बारीक, सरळ पिनांचा छोटा स्पॉट (एमआर१६) १२ व्होल्टवर चालतो. सीलिंगच्या वर त्याच्यासाठी २३० व्होल्टचे १२ करणारा एक इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मर पडलेला असतो. त्या डब्यावर वॉटचे दोन आकडे छापलेले असतात, उदाहरणार्थ "३५–१०५". आपण फक्त मोठा वाचतो. छोटा आकडा म्हणजे कमीत कमी लोड, त्याच्यावरच्या दिव्यांचे मिळून वॉट. तेवढा लोड नसेल तर हा ट्रान्सफॉर्मर नीट सुरूच होत नाही. चालू-बंद, चालू-बंद करत बसतो. आमच्याकडे दोन दिव्यांमागे एक डबा होता. दोन एलईडी मिळून १० वॉट, म्हणून लुकलुक. एक हॅलोजन आणि एक एलईडी मिळून ५५ वॉट, म्हणून तो एक दिवा स्थिर.

तुमच्याकडे असं होत असेल तर हीच युक्ती मुद्दाम करून बघा. एका डब्यावर दोन-तीन दिवे असतील तर त्यांतला एक हॅलोजन परत लावा. बाकीचे एलईडी लगेच सुधारले तर बल्ब बदलून घ्यायला दुकानात जाऊ नका. लोखंडी गाभ्याचा जुना, जड, घुं घुं करणारा ट्रान्सफॉर्मर असेल तर सहसा ही अडचण येत नाही.

उपाय दोन. एक, जुना डबा काढून १२ व्होल्ट डीसीचा एलईडी ड्रायव्हर बसवायचा. दोन, डबा कायमचा काढून टाकायचा आणि थेट २३० व्होल्टवर चालणारे जीयू१० स्पॉट लावायचे. त्यांच्या पिना जाड, टोकाशी फुगीर असतात आणि दिवा फिरवून अडकवावा लागतो. मी दुसरा उपाय केला, कारण सीलिंगच्या पोकळीत बिघडू शकणाऱ्या वस्तू जितक्या कमी तितकं बरं. पण त्यात तीन गोष्टी वायरमनकडून डोळ्यांदेखत करून घ्या. जुने बारीक पिनांचे होल्डर सगळे काढायचे, नाहीतर उद्या कुणीतरी १२ व्होल्टचा दिवा २३० वर लावेल आणि धडाम. हॅलोजनच्या मागची वायर वर्षानुवर्षं भाजलेली असते. बोटांनी वाकवली आणि आवरण पापडासारखं मोडलं तर तीही बदलायची. आणि फिटिंगची रिंग धातूची असेल तर तिला हिरवी अर्थिंगची वायर हवी. १२ व्होल्टला ती लागत नव्हती, म्हणून बहुतेक ठिकाणी ओढलेलीच नसते.

हा गोंधळ होतो त्याचं कारण मला असं वाटतं की २०१५ च्या उजाला योजनेपासून स्वस्त एलईडी घरोघरी आले, ते आपल्या नेहमीच्या पिनच्या होल्डरात बसणारे. जुना काढा, नवा लावा, संपलं. तीच सवय आपण स्पॉटलाही लावतो.

बटण बंद, तरी दिवा मिणमिणतो

रात्री हॉलमध्ये पाणी प्यायला आलात आणि बंद दिवा अंधुक उजळलेला दिसला तर घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. आधी बटण बघा. अंधारात दिसावं म्हणून त्यात छोटा लाल इंडिकेटर आहे का? त्याच्यातून किंचित करंट सतत वाहतो. ५० वॉटच्या हॅलोजनला तो जाणवतही नव्हता, एलईडीला मिणमिणायला पुरतो.

इंडिकेटर नसेल तर बटण बंद ठेवून वायरमनला होल्डरवर टेस्टर लावायला सांगा. टेस्टर लखलखीत पेटला तर बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेलं असण्याची शक्यता मोठी. जुन्या वाड्यांत आणि घाईने उरकलेल्या बिल्डिंगांत हे सर्रास सापडतं. अशा वेळी बटण बंद असतानाही होल्डरला फेज असतो आणि दिवा बदलणाऱ्याला झटका बसू शकतो. हे त्याच आठवड्यात दुरुस्त करून घ्या. जिन्याच्या टू-वे बटणांमध्ये लांबलचक वायरी शेजारी-शेजारी जातात, तिथे काहीही चूक नसताना थोडा उजेड राहतो. दिव्याला समांतर एक छोटा कपॅसिटर लावला की तो जातो.

डिमर

जुना डिमर शेकडो वॉटच्या हॅलोजनसाठी बनवलेला असतो. त्यावर ३० वॉटचे एलईडी टाकले की मधेच उजेड उडी मारतो, गुणगुण येते, किंवा शेवटच्या पाव फेऱ्यात दिवा एकदम विझतो. दिव्याच्या खोक्यावर 'डिमेबल' लिहिलेलं हवं, आणि डिमरही एलईडीला चालणारा, म्हणजे ट्रेलिंग एज प्रकारचा हवा. दोन्हींपैकी एकच बदलला तर पैसे वाया. पंख्याचा रेग्युलेटर दिव्याला जोडणारे महाभाग मी पाहिले आहेत; त्याबद्दल काय बोलावं!

आणि एक अपेक्षा सोडून द्या. हॅलोजन मंद केला की तो निखाऱ्यासारखा तांबूस व्हायचा. साधा एलईडी मंद होतो, रंग तोच राहतो.

वॉट बघून घेतलं, घराचं मिठाईचं दुकान झालं

मिठाईच्या दुकानासारखा पांढराफटक हॉल ही एलईडी लावल्यावरची सगळ्यात कॉमन तक्रार. हॅलोजनचा प्रकाश साधारण ३००० केल्विनचा, पिवळसर. दुकानात न मागता जो हातात पडतो तो 'कूल डेलाइट', ६५०० केल्विनचा. जुना उजेड हवा असेल तर 'वॉर्म व्हाइट', २७०० ते ३००० केल्विन, असं स्पष्ट मागा. स्वयंपाकघराला ४००० छान वाटतो. एकाच खोलीत दोन रंग मात्र नकोत, आणि एक-दोन दिवे त्याच खोक्यातले जास्तीचे घेऊन ठेवा, कारण दोन वर्षांनी तंतोतंत तोच रंग मिळेल याची खात्री नाही.

त्याहून कमी लोक बघतात तो आकडा म्हणजे सीआरआय, त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचं माप. हॅलोजनचा जवळजवळ १००, साध्या एलईडीचा ८०. फरक लाल रंगात कळतो: टोमॅटो मलूल, कुंकू विटकरी. आमची आई लक्ष्मी रोडवर साडी घेताना ती दुकानाच्या दारात, उजेडात नेऊन बघायची. त्या वेळी आम्हाला लाज वाटायची. ती सीआरआयच तपासत होती. कपाटासमोर, आरशापाशी आणि जेवणाच्या टेबलावर ९० चा घ्या, पॅसेजला ८० पुरे.

साध्या गोल बल्बसाठी वॉट नको, ल्यूमेन, म्हणजे उजेडाचं माप बघा. ९ वॉटचा चांगला बल्ब साधारण ८०० ते ९०० ल्यूमेन देतो. स्पॉटसाठी मात्र कोन महत्त्वाचा. हॅलोजनचा झोत बहुधा ३६–३८ अंशांचा असायचा. त्याच्या जागी १२० अंशांचा दिवा लावला की भिंतीवरच्या फोटोवर पडणारा झोत जातो आणि उजेड नुसता पसरतो. खोक्यावर बीआयएसचा नोंदणी क्रमांक (आर-ने सुरू होणारा) आणि बीईईचे वीजबचतीचे तारे असतील तोच माल घ्या.

कोंडलेले दिवे लवकर जातात

एलईडी थंड असतो हे अर्धसत्य. उजेडात उष्णता कमी, पण त्याच्या बुडाशी असलेल्या सर्किटला ती सोसत नाही. आतल्या कपॅसिटरचं तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य ढोबळमानाने निम्मं होतं. म्हणून दाराबाहेरच्या बंद काचेच्या गोळ्यात २५,००० तासांचा दिवा वर्षभरात जातो. अशा ठिकाणी कमी वॉटचा लावा किंवा हवा खेळेल असं फिटिंग घ्या. ओव्हनच्या आत तर एलईडी लावूच नका, तिथे ओव्हनसाठी बनवलेला दिवाच हवा.

पार्किंगमधला ५०० वॉटचा लांबुळका हॅलोजन बदलताना सोसायट्या हीच चूक करतात: जुन्याच काचबंद पेटीत एलईडीची नळी. ती जाड असते, कशीबशी बसते आणि आत शिजते. पूर्ण पेटी उतरवून ५० वॉटचा, आयपी६५ (म्हणजे धूळ-पाणी आत न जाणारा) लिहिलेला एलईडी फ्लडलाइट लावा; पावसात तोच टिकतो.

एकाच दिवशी चार-पाच दिवे एकदम गेले तर मात्र बल्ब कंपनीला शिव्या देण्याआधी न्यूट्रल तपासून घ्या. पहिल्या जोरदार पावसात मीटरच्या पॅनेलमधला न्यूट्रल सैल झाला तर घरात २३० ऐवजी ३०० व्होल्टच्या वर येऊ शकतात. नुसते दिवेच मरत नाहीत, फ्रिजही जातो. मेन बंद करा आणि लगेच वायरमनला बोलवा.

हो, मेन बंद करण्यावरून. घरात इन्व्हर्टर असेल तर मेन बंद केल्यावरही दिव्यांच्या वायरीत करंट असतो, कारण हॉलचे दिवे बहुधा त्याच्यावरच असतात. शिडीवर चढण्याआधी इन्व्हर्टरही बंद करा. आणि हॅलोजन काढण्याआधी त्याला दहा मिनिटं थंड होऊ द्या. माझ्या अंगठ्यावर अजून डाग आहे.

आमच्याकडे आता सगळं जागेवर आहे, एक सोडून. वडिलांचा ट्रान्झिस्टर आकाशवाणी पुण्याच्या ७९२ किलोहर्ट्झवर खरखरायला लागला. एकेक दिवा बंद करत शोधलं तेव्हा दोषी सापडला: त्यांच्या टेबलावरचा सगळ्यात स्वस्त घेतलेला बल्ब, ज्याच्या सर्किटमध्ये फिल्टरवर पैसे वाचवले होते. तो बाथरूममध्ये हलवला. आता सकाळच्या बातम्या लागल्या की वडील आतून ओरडतात, "बाथरूममध्ये कोण आहे रे? दिवा घालव!"