भाड्याचा मिनी डिगर पहिल्यांदा चालवताना

गावाकडे पोकलेन मागवला की सोबत ऑपरेटर येतोच. आपण बांधावर उभं राहायचं, कुठे खणायचं ते हातानं दाखवायचं आणि तासाचे पैसे मोजायचे. ब्रिटनमध्ये तसं नाही. शुक्रवारी दुपारी ट्रक येतो, दीड टनाचा मिनी डिगर, म्हणजे छोटा पोकलेन, घरापुढे उतरवतो, माणूस पाचेक मिनिटं लिव्हर समजावतो, किल्ली देतो आणि जातो. स्वतःच्या बागेत हे यंत्र चालवायला कायद्यानं कुठलाही परवाना लागत नाही. सोमवारी सकाळी यंत्र परत जाईपर्यंत ते पूर्णपणे तुमच्या हाती असतं.

मी लंडनच्या वायव्येला हॅरो भागात राहतो. घर १९३०च्या दशकातलं, मागे उताराची बाग आणि खाली चिकणमाती. ही लंडन क्ले आपल्या काळ्या मातीसारखीच वागते. उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि चिकटली की फावडं सोडत नाही. बागेत छोटी खोली बांधायची म्हणून जमीन सपाट करायची होती आणि वायर-पाण्यासाठी चर खणायचा होता, तेव्हा मी पहिल्यांदा यंत्र घेतलं. त्यानंतर तीनदा घेतलं आहे. इथे राहणारे बरेच मराठी मित्र आता हाच विचार करतात आणि विचारतात, म्हणून हे सविस्तर लिहितो.

पायरी १: जमिनीखाली काय आहे ते आधी शोधा

हे काम यंत्र येण्याच्या दोन आठवडे आधीचं. माझ्या मते अख्ख्या कामातली ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे. सगळ्यांना घाई मात्र इथेच असते.

‘लाइनसर्च बिफोर यू डिग’ नावाची मोफत ऑनलाइन सेवा आहे. तिथे पत्ता टाकला की त्या भागात कोणकोणत्या कंपन्यांच्या वाहिन्या आहेत ते कळतं आणि त्यांच्याकडून नकाशे मागवता येतात. पण या नकाशांवर विसंबून राहू नका. रस्त्यातली मुख्य गॅसलाइन त्यांत दिसते, पण तिथून तुमच्या घरात येणारी छोटी नळी बहुतेकदा दाखवलेलीच नसते, आणि बागेत खणताना नेमकी तीच बकेटमध्ये येते.

म्हणून घराभोवती स्वतः फिरा. गॅसचा मीटर कुठे आहे? विजेची वायर कुठल्या भिंतीतून आत येते? पाण्याचा स्टॉपकॉक, मैलापाण्याची झाकणं, टेलिफोनची पेटी कुठे आहे? प्रत्येकापासून रस्त्यापर्यंत सरळ रेघ मनात ओढा आणि तिथे जमिनीवर स्प्रेनं खूण करा. आधीच्या मालकानं बागेत दिवे किंवा शेड बसवली असेल तर तिकडे जाणारी वायर कुठल्याच नकाशात नसते. ती किती खोल पुरली असेल याचाही भरवसा नाही.

डिगरसोबत केबल शोधणारं यंत्रही भाड्यानं मिळतं, इथे त्याला कॅट म्हणतात. ते जरूर घ्या, पण त्याच्या मर्यादा समजून घ्या. विजेच्या मोडवर ते वायरीतून वाहणारी वीज ओळखते. वायरीतून त्या वेळी वीज वाहत नसेल तर ती सापडेलच असं नाही. जोडीला जेनी नावाचं छोटं यंत्र घेतलं तर ते वायरीत सिग्नल सोडतं आणि शोध पक्का होतो. प्लास्टिकच्या नळ्या मात्र या दोघांनाही दिसत नाहीत. आता गॅसच्या पिवळ्या नळ्या प्लास्टिकच्या असतात आणि पाण्याच्या निळ्याही. खूण केलेल्या रेघेपासून अर्ध्या मीटरच्या आत मी यंत्र नेतच नाही. तिथे फावडं वापरतो, तेही दांड्यावर विजेचं संरक्षण असलेलं, आणि टोकानं न खोचता बाजूनं हळूहळू माती काढत.

चुकून गॅसची नळी फुटलीच तर इंजिन बंद करा, सगळ्यांना दूर न्या आणि लांबून ०८०० १११ ९९९ वर फोन करा. गळती स्वतः थांबवायला जाऊ नका. विजेच्या वायरीसाठी १०५ हा नंबर आहे. वायर लागली असेल तर यंत्राच्या धातूला आणि जमिनीला एकाच वेळी स्पर्श होऊ देऊ नका. शक्य असेल तर बसून राहा आणि बाकीच्यांना लांब ठेवा.

शेजाऱ्याच्या घरापासून ३ मीटरच्या आत त्या घराच्या पायापेक्षा खोल खणणार असाल, तर १९९६च्या पार्टी वॉल कायद्यानुसार किमान एक महिना आधी लेखी नोटीस द्यावी लागते. बागेतलं झाड संरक्षित आहे का तेही कौन्सिलकडे, म्हणजे इथल्या पालिकेकडे, विचारून घ्या. मुळं तोडली तरी गुन्हा होऊ शकतो.

पायरी २: यंत्र कुठलं घ्यायचं

जागा मोजा, मग यंत्र ठरवा. दीड टनाच्या यंत्राची रुंदी साधारण ९९ सेंटिमीटर असते. घराशेजारची बोळ त्यापेक्षा अरुंद असेल तर सुमारे एक टनाचं छोटं यंत्र मिळतं, त्याच्या रबरी चेन (ज्या पट्ट्यांवर यंत्र चालतं त्या) आत ओढल्या की ते ७० सेंटिमीटरपर्यंत बसतं. पण छोटं यंत्र जास्त डुगडुगतं. वाट मोठी असेल तर दीड टनाचंच घ्या. चेन बाहेर पसरता येत असतील तर बागेत पोचल्याबरोबर पसरा आणि मगच काम सुरू करा.

स्वतःच्या गाडीमागे ट्रेलर लावून आणायचा मोह आवरा. यंत्र, बकेटी आणि ट्रेलर मिळून दोन टनांच्या वर जातं, आणि बऱ्याच घरगुती गाड्यांची ओढण्याची मर्यादा त्यापेक्षा कमी असते. डिलिव्हरीचे पैसे द्यावेत.

पायरी ३: उतरवून घेताना

आणणाऱ्या माणसाला घाई असते. तरी त्याला थांबवा आणि पुढचं सगळं त्याच्यासमोर करा.

सीटबेल्ट लॉक होतो का ते बघा. डोक्यावरची लोखंडी चौकट सरळ आहे का बघा. यंत्र उलटलं तर तीच वाचवते. तेलाच्या नळ्यांवर ओल आहे का ते डोळ्यांनी बघा, बोटानं चाचपू नका. दाबाखालचं हायड्रॉलिक तेल सुईच्या टोकाएवढ्या भोकातून कातडीच्या आत शिरतं. जखम बारीक दिसते, पण हात गमवावा लागू शकतो. असं झालं तर लगेच हॉस्पिटलात जा.

बकेट बदलायची पद्धत स्वतःच्या हातानं एकदा करून दाखवा. हिच, म्हणजे बकेट झटपट बदलायचा जोड, असेल तर त्याची सेफ्टी पिन बसली आहे ना ते खाली उतरून बघा. मग जवळपास कुणी नसताना बकेट जमिनीलगत हलवून, दाबून बघा. अर्धवट अडकलेली बकेट उंचावरून सुटून माणसांचे जीव गेले आहेत.

डिझेल कुठलं घालायचं तेही विचारा. १ एप्रिल २०२२ पासून बांधकामाच्या यंत्रांत स्वस्तातलं लाल डिझेल चालत नाही. आणि यंत्राचे सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवा.

पायरी ४: सेफ्टी लिव्हर

सीटच्या डाव्या बाजूला, हात टेकवायच्या पेटीपाशी एक लिव्हर असतो. तो वर केला की दोन्ही हातांचे कंट्रोल बंद होतात. पूर्ण यंत्रात एकच गोष्ट अंगवळणी पाडायची असेल तर ती ही: बकेट जमिनीवर, लिव्हर वर. चढताना, उतरताना, कुणी जवळ आलं की, फोन वाजला की, घाम पुसायचा असला तरी.

हे मी का सांगतो? पहिल्याच दिवशी माझा मित्र कुंपणापाशी उभा होता आणि काहीतरी ओरडून सांगत होता. मला ऐकू येईना. तो बाजूला होऊन पुढे आला, मी इंजिन चालू ठेवून बाहेर वाकलो आणि जॅकेटचा खिसा डाव्या लिव्हरमध्ये अडकला. वरचा भाग गरकन फिरला आणि बकेटनं कुंपणाचा खांब मोडला. तो खांब होता तिथेच काही क्षणांपूर्वी मित्र उभा होता. त्या दिवशी आई भारतातून आलेली होती, खिडकीतून बघत होती. गावात विहिरी खणताना तिनं पोकलेन पाहिले आहेत. ती बाहेर येऊन एवढंच म्हणाली, “अरे, तिकडे मशीनच्या पुढे कुणाला उभंच राहू देत नाहीत.” त्यानंतर सैल कपडे घालून मी कधी बसलो नाही.

पायरी ५: पहिला अर्धा तास खणू नका

मोकळ्या जागी, इंजिन हळू ठेवून सराव करा. इथल्या बहुतेक यंत्रांत डावा लिव्हर पुढे ढकलला की यंत्राचा पुढचा, बकेटकडचा हात लांब जातो, मागे ओढला की जवळ येतो, डावी-उजवीकडे केला की वरचा भाग त्या बाजूला फिरतो. उजवा लिव्हर पुढे केला की बूम, म्हणजे यंत्राकडचा मोठा हात, खाली जातो, मागे ओढला की वर येतो, डावीकडे केला की बकेट आत वळते, उजवीकडे केला की माती ओतते. काही यंत्रांत ही मांडणी बदललेली असते, म्हणून स्टिकर वाचा आणि प्रत्येक हालचाल एकदा हळूच करून खात्री करा.

चालवायचे दोन लिव्हर पायांपुढे असतात. वरचा भाग अर्धा गोल फिरलेला असेल तर पुढे ढकलल्यावर यंत्र मागे जातं. घाबरून आणखी ढकललं की अपघात होतो. सोपा उपाय म्हणजे हलण्याआधी पातं, म्हणजे चेनच्या भागाला लावलेला माती ढकलायचा आडवा पत्रा, कुठे आहे ते बघणं. पातं ज्या बाजूला, ती यंत्राची पुढची बाजू.

आणि पाठीमागचं वजन विसरू नका. फिरताना ते चेनच्या बाहेर झुलतं. भिंत आणि ते यांच्यामध्ये अर्धा मीटर मोकळा राहत नसेल, तर तिथे कुणी शिरूच शकणार नाही असा अडसर लावा.

पायरी ६: चर खणताना

चेनच्या लांबीच्या दिशेनं खणा. त्या दिशेत यंत्र घट्ट बसतं. बाजूला वळून, हात पूर्ण लांबवून भरलेली बकेट उचलली की दुसरी चेन जमिनीवरून सुटते. पातं जमिनीत दाबून ठेवा, पण बकेट जवळ ओढताना ती पात्यावर आपटणार नाही याकडे लक्ष द्या. एकेक थर पातळ काढा. पूर्ण बकेट एका घासात भरायची गरज नाही. आणि स्वतःच्या चेनखालची माती पोखरू नका.

निघालेली माती चराच्या काठापासून मीटरभर लांब टाका. चिकणमाती खणल्यावर फुगते. १० मीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद, ६० सेंटिमीटर खोल चर म्हणजे १.८ घनमीटर माती, पण ढीग सव्वादोन घनमीटरच्या वर जातो. ती कुठे ठेवायची ते आधीच ठरवा.

चरात उतरू नका. घनमीटर मातीचं वजन दीड टनाच्या आसपास असतं, म्हणजे या यंत्राएवढंच. अमुक खोलीपर्यंत धोका नसतो असं ऐकाल, ते खरं नाही. गुडघे टेकून नळी जोडणाऱ्या माणसाला कंबरभर चरही दाबून टाकू शकतो, विशेषतः पावसानंतर. आत उतरणं टळत नसेल तर कडा उतरत्या करा किंवा आधार लावून घ्या.

पायरी ७: उतार

माझ्या बागेत सगळ्यात जास्त भीती याचीच वाटली. उतारावर सरळ वर किंवा सरळ खाली जा, आडवं कधी नाही. बकेट जमिनीपासून २०-३० सेंटिमीटरवर ठेवा, म्हणजे घसरायला लागलं तर लगेच टेकवता येते. भरलेली बकेट उताराच्या दिशेनं फिरवू नका. ओल्या चिकणमातीवर रबरी चेन साबणासारखी सरकते, तेव्हा पाऊस पडला तर मी थांबतो. भाड्याचा एक दिवस वाया गेला तरी चालेल.

यंत्र उलटायला लागलं तर उडी मारू नका. उडी मारणाराच चौकटीखाली चिरडला जातो. बेल्ट लावलेला असेल तर घट्ट धरून आतच राहा. यासाठीच बेल्ट पहिल्या मिनिटापासून लावायचा.

लोक, आणि संध्याकाळ

नजर ठेवायला एक माणूस हवा, आणि दोघांची एकच खूण ठरलेली हवी: हात वर, पंजा उघडा, म्हणजे थांब. कुणीही ती खूण केली तरी थांबायचं. यंत्राचा पूर्ण लांबवलेला हात आणि त्यापुढे आणखी दोन मीटर, एवढ्या घेरात कुणी येणार नाही. मुलांना बकेटमध्ये बसवून फोटो काढू नका. कितीही हट्ट केला तरी नाही, इंजिन बंद असतानाही नाही. बकेटीला साखळी बांधून दगड-खांब उचलणंही टाळा.

काम थांबलं की यंत्र सपाट जागी घ्या, बकेट आणि पातं जमिनीवर टेकवा, सेफ्टी लिव्हर वर करा, इंजिन बंद करा आणि किल्ली काढा. एकाच कंपनीच्या अनेक यंत्रांना एकच किल्ली चालते, त्यामुळे चोर सहज घेऊन जातात. मी गेटपुढे गाडी आडवी लावतो आणि विम्यात चोरीचा भाग आहे का ते करारात आधीच वाचतो. उघडा चर रात्रभर राहणार असेल तर त्यावर फळ्या टाका आणि भोवती जाळी लावा. शेजारची मांजरं येतात, आणि चेंडू शोधायला मुलंही.

रविवारी संध्याकाळी चेनमधली माती फावड्यानं काढा. ती वाळली की दगड होते आणि साफसफाईचे पैसे लागतात. पुन्हा फोटो काढा आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा, सोमवारी ट्रकवाल्याच्या हातात देईपर्यंत.