मॅडिसनचा जुना गोठा कसा पाहावा

मुलांकडे अमेरिकेत मॅडिसनला आलात, तर विस्कॉन्सिन विद्यापीठाचा डेअरी बार्न, म्हणजे दुभत्या गाईंचा गोठा, पाहिल्याशिवाय परतू नका. पत्ता १९१५, लिंडन ड्राइव्ह. हा घर क्रमांक, साल नव्हे; गोठा त्याहून जुना, १८९७-९८ चा. मे ते ऑक्टोबर या काळात या, एरवी थंडीने पाय टिकत नाहीत.

दाराकडे लगेच जाऊ नका. आधी गोल बुरुजाभोवती फिरा. तो सायलो, मूरघासाची, म्हणजे हवा लागू न देता मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याची कोठी. सांगलीकडे आमच्या घरी चौकोनी खड्डा होता. कितीही तुडवा, कोपऱ्यात हवा राहायचीच आणि तिथलाच मूरघास बुरसायचा. इथले प्राध्यापक एफ. एच. किंग यांनी गोल सायलोचा आग्रह धरला तो म्हणूनच. कोपराच नाही, तर हवा अडकणार कुठे? त्या भिंतीजवळ मी बराच वेळ उभी होते.

मग गोठ्यासमोर थांबा आणि १९०७ साली सुरू झालेल्या प्रयोगातल्या सोळा कालवडी डोळ्यांपुढे आणा. चार-चारचे चार गट. एकाला फक्त मका, एकाला गहू, एकाला ओट, चौथ्याला तिन्ही मिसळून. दाणाही त्याच पिकाचा, वैरणही त्याच पिकाची. रसायनशास्त्राच्या हिशोबाने चारही खुराक सारखेच. पण मक्यावरच्या धडधाकट राहिल्या, त्यांची वासरं सशक्त झाली. गव्हावरच्यांची वासरं अशक्त जन्मली, जगली नाहीत. म्हणजे चाऱ्यात असं काहीतरी होतं, जे प्रयोगशाळेला दिसत नव्हतं. त्याच्या मागावर याच विद्यापीठात मॅककॉलम आणि मार्गरिट डेव्हिस या संशोधकांनी १९१३ साली जीवनसत्त्व ‘अ’ दाखवून दिलं. पेंडीच्या पोत्यावरचे आकडे वाचूनच जनावराचा खुराक ठरवणाऱ्यांनी इथे जरा जास्त थांबावं. परवानगीशिवाय आत जाऊ नका; बाहेरूनही हे सगळं कळतं.

शेवटी त्याच रस्त्याने बॅबकॉक हॉलपर्यंत चाला आणि तिथलं आइस्क्रीम खा. कालवडींच्या त्या प्रयोगाची कल्पना इथलेच रसायनशास्त्रज्ञ स्टीफन बॅबकॉक यांची. त्याआधी १८९० मध्ये त्यांनी दुधातली फॅट मोजायची सोपी रीत दिली होती. तोवर पाणी घातलेलं दूध आणि सकस दूध एकाच भावाने जायचं. आईला हे फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, “थांब, आजची फॅट वहीत लिहून घेते, मग सांग.”