म्हाताऱ्या डूम बँडचा कमबॅक अल्बम ऐकायचा कसा? कँडलमास घेऊन बघू

जुना बँड परत आला की दोन प्रकारची माणसं लगेच बोलायला लागतात. एक म्हणतात "पूर्वीसारखं नाही राहिलं", दुसरे म्हणतात "मास्टरपीस!!", आणि दोघांनीही बहुतेक वेळा अल्बम अर्धाच ऐकलेला असतो. डूम मेटलच्या (हेवी मेटलचा संथ, जड, काळोखा प्रकार) बाबतीत तर हे जास्तच होतं, कारण एकेक गाणं सहा-सात-आठ मिनिटांचं आणि पहिल्या मिनिटात काही म्हणजे काही घडत नाही, रील बघायची सवय लागलेल्या माणसाचा अंगठा तोवर पुढे सरकलेला असतो.

म्हणून म्हटलं नीट लिहूनच काढावं. उदाहरणाला घेतोय स्वीडनच्या कँडलमासचा 'द डोअर टू डूम', २२ फेब्रुवारी २०१९ ला आलेला. कमबॅक म्हणजे नक्की काय ते शिकायला यापेक्षा सोयीचा अल्बम मला तरी माहीत नाही.

सगळ्यात आधी, प्ले दाबायच्याही आधी, कोण परत आलंय ते बघा. नुसतं बँडचं नाव बघून उपयोग नाही, लाइनअप बघायची. एका कागदावर डावीकडे जुन्या अल्बमवरची नावं लिहा, उजवीकडे नव्यावरची, आणि सारखी नावं रेघेने जोडा. कँडलमाससाठी हे केलंत की मजा कळेल. डावीकडे १९८६ चा पहिला अल्बम, 'एपिकस डूमिकस मेटॅलिकस'. त्यावर लीफ एडलिंग बासवर, मॅट्स ब्यॉर्कमन रिदम गिटारवर, आणि गायला योहान लँगक्विस्ट, जो खरं तर बँडमध्ये नव्हताच, सेशनपुरता आला, सहा गाणी गायला आणि गेला. लीड गिटार आणि ड्रम्सवर त्या वेळी वेगळीच माणसं होती. उजवीकडे २०१९: एडलिंग, ब्यॉर्कमन, लीडला लार्स योहानसन, ड्रम्सला यान लिंड, आणि गायला... पुन्हा लँगक्विस्ट!

आता रेघा बघा. योहानसन आणि लिंड आले १९८७ च्या 'नाइटफॉल' पासून, म्हणजे लँगक्विस्ट निघून गेल्यावर. त्यामुळे ज्याला आपण "क्लासिक लाइनअप परत आली" म्हणतो ती अख्खी लाइनअप एकत्र स्टुडिओ अल्बमवर याआधी कधी वाजलेलीच नाही. पहिल्या अल्बमचा आवाज आणि दुसऱ्या अल्बमपासूनचे हात, हे पहिल्यांदा भेटतात ते ३३ वर्षांनी. हे डोक्यात ठेवून ऐकलं की "जुन्यासारखं आहे का" हा प्रश्नच थोडा फसवा वाटायला लागतो, जुनं म्हणजे कुठलं जुनं?

मधल्या काळाची हकिगत थोडक्यात: 'नाइटफॉल' पासून मसाया मार्कोलिन गायला लागला, साधूसारखा झगा घालणारा, ऑपेरासारखा आवाज थरथरवणारा, आणि बऱ्याच लोकांसाठी कँडलमास म्हणजे तोच. तो गेला, परत आला, २००५ चा अल्बम करून परत गेला. मग अमेरिकेचा रॉबर्ट लो आला, २०१२ ला 'साम्स फॉर द डेड' काढून बँडने सांगून टाकलं की हा शेवटचा स्टुडिओ अल्बम. (मेटलवाल्यांचं "शेवटचं" कधी मनावर घेऊ नका.) त्यानंतर स्टेजवर मॅट्स लेवेन गात होता आणि २०१८ मध्ये त्याच्या जागी थेट लँगक्विस्ट.

आता ऐकायची तयारी. फोनच्या स्पीकरवर डूम ऐकू नका, प्लीज. बास गिटारची सगळ्यात जाड तार साध्या ट्यूनिंगमध्ये साधारण ४१ हर्ट्झला वाजते, गिटारची ८२ ला, आणि डूमवाले तर तारा अजून उतरवतात. फोनचा एवढासा स्पीकर तिथपर्यंत पोचतच नाही, मग तुम्हाला ऐकू येतं काय तर एक माणूस ओरडतोय आणि मागे माशी गुणगुणतेय. बरे वायरवाले हेडफोन चालतात, घरात जुना टू-इन-वन किंवा टेप-सीडी वाला मोठा म्युझिक सिस्टीम पडून असेल तर तो सगळ्यात भारी. बास बूस्ट बंद करा, त्याने बास वाढत नाही नुसता चिखल होतो, आणि ॲपमधलं शफल आणि क्रॉसफेड (एक गाणं पुढच्यात मिसळवणारं सेटिंग) दोन्ही बंद. गाण्यांच्या मधली शांतता पण हवी, ती मोजून ठेवलेली असते. लोकलमध्ये ऐकू नका असं नाही म्हणणार, पण पहिल्यांदा नको, रुळांचा खडखडाट नेमका त्याच खालच्या पट्टीत असतो आणि सगळा रिफ (गिटारची परत परत येणारी छोटी ओळ) खाऊन टाकतो.

मग नवा अल्बम लावायचा का? नाही. आधी थोडा पाया.

पाया म्हणजे ब्लॅक सॅबथ हा इंग्लंडचा बँड, त्याला इलाज नाही. बर्मिंगहॅमच्या कारखान्यात त्यांच्या गिटारवाल्या टोनी आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं मशीनमध्ये गेली, वय सतरा, आणि हा डावखुरा, म्हणजे तारा दाबायची तीच बोटं. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून टोप्या बनवल्या, हलक्या तारा लावल्या, पुढे बोटांना सोपं जावं म्हणून तारा सैल केल्या, १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी' वर तर तब्बल दीड स्वर खाली. आज जगभरचे डूमवाले खाली ट्यून करतात त्याची सुरुवात इथून झाली.

घरात पेटी असेल तर एक करून बघाच. मधल्या सप्तकातला सा दाबा, मग तार सप्तकातला सा, आणि मग तीव्र म वर येऊन थांबा, थांबा म्हणजे खरंच थांबा, भाता हलवत राहा. सॅबथच्या १९७० च्या पहिल्या अल्बमचा पहिला रिफ तो एवढाच, तीन स्वर. मागे प नाही, शुद्ध म नाही, त्यामुळे तो तीव्र म नुसता लोंबकळत राहतो आणि पोटात काहीतरी हलतं. डूमचं अख्खं दुकान या एका अस्वस्थ अंतरावर चालतं. शेजारचे विचारायला आले तर रियाज चालू आहे म्हणून सांगा, खोटं नाही ते.

आता 'एपिकस'. सहाच गाणी आहेत, पाऊण तासाच्या आत संपतो. पहिलं 'सॉलिट्यूड', हळू सुरू होतं आणि मग रिफ पडतो. इथे तालावर मांडीवर थाप द्या, प्रत्येक ठोक्यावर नाही तर प्रत्येक मात्रेच्या गटावर, आणि लक्षात येईल की दोन थापांमध्ये तुम्हाला वाट बघावी लागतेय. विलंबित ख्याल ऐकणाऱ्याला हे नवीन नाही, समेची वाट बघायची सवय असलेल्या माणसाला डूम लवकर कळतो असं माझं प्रामाणिक मत आहे, थ्रॅशवाल्यांपेक्षाही (वेगवान मेटल ऐकणाऱ्यांपेक्षाही) लवकर. शब्द फार काळे आहेत, मरण मागणाऱ्या माणसाचं गाणं आहे ते, त्या दिवशी मूडच खराब असेल तर राहू दे, दुसऱ्या दिवशी ऐका. आणि हो, हा अल्बम निघाला तेव्हा इतका कमी खपला की फ्रान्सच्या ब्लॅक ड्रॅगन लेबलने बँडला सोडून दिलं, आज मात्र एपिक डूम हा प्रकार सुरू कुठून झाला विचारलं की लोक याच अल्बमकडे बोट दाखवतात.

'एपिकस' वर 'अंडर द ओक' नावाचं गाणं आहे. तेच गाणं बँडने १९८९ च्या 'टेल्स ऑफ क्रिएशन' वर मसायाकडून परत गाऊन घेतलं. दोन्ही लागोपाठ लावा. मसाया स्वर लांबवतो, गोल करतो, त्याच्या आवाजात चर्च आहे. लँगक्विस्ट सरळ गातो, स्वराला धार जास्त, घाबरलेला माणूस वाटतो, पुजारी नाही. हा फरक कानात बसला ना की निम्मं काम झालं.

आता लावा 'द डोअर टू डूम'. आठ गाणी, एका बैठकीत, पहिल्या वेळी मधे बोलायचं नाही आणि रिव्ह्यू उघडायचे नाहीत. पहिलंच गाणं 'स्प्लेंडर डिमन मॅजेस्टी' तुम्हाला वाटलं होतं तेवढं संथ नसेल, दचकू नका, कँडलमास कायम असं मधेमधे पळतात. माझा सल्ला असा की पहिल्या फेरीत गायकाकडे कान नको, बास आणि ड्रम्सकडे. यान लिंड दोन ठोक्यांच्या मधली जागा कशी रिकामी सोडतो ते ऐका. हळू वाजवणं म्हणजे सोपं वाजवणं असं वाटत असेल तर मोबाइलवर मेट्रोनोम (ठोके मोजून देणारं ॲप) मिनिटाला साठ ठोक्यांवर लावून पाच मिनिटं टेबल वाजवून बघा, तुम्ही पुढे पळणारच. सगळेच पळतात.

दुसऱ्या फेरीत आवाज. लँगक्विस्टचा आवाज आता खरखरीत झालाय, तरुणपणीची ती वर जाणारी किंकाळी राहिलेली नाही, त्याऐवजी खाली एक वजन आलंय. इथे बरेच लोक चुकतात, ते वरचे स्वर शोधत बसतात आणि सापडले नाहीत की नाराज. 'ब्रिज ऑफ द ब्लाइंड' हे अल्बममधलं सगळ्यात शांत गाणं, तिथे हा म्हातारा झालेला आवाज सगळ्यात उघडा पडतो आणि मला तिथेच तो सगळ्यात जास्त पटला. तीस वर्षांपूर्वी हेच गाणं त्याला असं गाता आलं असतं असं वाटत नाही.

मग 'हाउस ऑफ डूम'. हे गाणं २०१८ च्या मे मध्ये त्याच नावाच्या ईपीवर (म्हणजे छोट्या अल्बमवर) आधीच आलं होतं, एका ऑनलाइन स्लॉट गेमसोबत (हो, जुगाराचा गेम, डूम बँडचा, काय बोलणार), आणि तेव्हा गायला होता लेवेन. काही महिन्यांत गायक बदलला आणि अल्बमवर तेच गाणं लँगक्विस्टच्या आवाजात. दोन्ही लावून बघा. लेवेन तांत्रिकदृष्ट्या कुठेच कमी नाही, उलट जास्त सफाईदार आहे, खरं सांगायचं तर ज्याने बँडला सहा वर्षं स्टेजवर सांभाळलं त्याचा आवाज अल्बमवर नसावा याचं वाईट वाटतं. पण दुसऱ्या व्हर्जनमध्ये गाणं जुनाट वाटतं, चांगल्या अर्थाने. तुम्हाला उलटं वाटलं तर तेही बरोबर, फक्त दोन्ही ऐकून ठरवा.

आयोमीचं आता. 'ॲस्टोरोलस – द ग्रेट ऑक्टोपस' या गाण्यात खुद्द टोनी आयोमीचा सोलो आहे, आणि सगळ्या बातम्या त्याच्याच. ज्या माणसाच्या तीन स्वरांवर तुमचं आयुष्य गेलं तो तुमच्या गाण्यात येऊन वाजवतो, एडलिंगला काय वाटलं असेल! गाण्याला ग्रॅमीचं नॉमिनेशन मिळालं, जानेवारी २०२० ला बक्षीस टूल या बँडच्या गाण्याला गेलं. सोलो सुंदर आहे, पण एक विचारा स्वतःला: आयोमीचं नाव माहीत नसतं तर हेच गाणं अल्बममधलं सर्वात चांगलं वाटलं असतं का? मला नाही वाटत. कमबॅक अल्बमवर पाहुणा असला की पाहुण्याचं गाणं शेवटी, नाव झाकून परत ऐकायचं. मोठ्या नावाने कान लगेच झुकतात.

आवडला की नाही हे लगेच ठरवू नका, आठवडा जाऊ दे. मग बघा कुठला रिफ भांडी घासताना, रिक्षाची वाट बघताना आपोआप डोक्यात येतोय. डूममध्ये ही एकच परीक्षा मी मानतो, कारण इथे वेगाने, कौशल्याने दिपवायला जागाच नाही, रिफ राहिला तर राहिला. माझ्या डोक्यात 'द ओमेगा सर्कल' राहिलं, शेवटचं गाणं, ज्याच्यापर्यंत बरेच जण पोचतच नाहीत. प्रॉडक्शन मात्र मला जरा जास्तच स्वच्छ वाटतं, 'एपिकस' वरची ती तळघरातली ओल इथे नाही, आणि मधली एक-दोन गाणी थोडी कापली असती तरी चाललं असतं.

ही पद्धत जमली की पुढे हीच रेघा जोडायची सवय सॅबथच्या २०१३ च्या '१३' वर लावा. १९७८ नंतर पहिल्यांदा जुना गायक ओझी त्यांच्या स्टुडिओ अल्बमवर, पण जुना ड्रमर बिल वॉर्ड नाही, ड्रम्सला ब्रॅड विल्क, आणि शेवटी पाऊस आणि घंटा, पहिल्या अल्बमची सुरुवात होते तशी. वॉर्डची जागा कुठे जाणवते ते शोधा, स्विंग (तालातला तो झोका) म्हणजे काय ते तिथे कळतं. मग स्लीप या बँडचा 'द सायन्सेस', २० एप्रिल २०१८, आदल्या दिवशी सांगून टाकलेला, तारीख का निवडली ते गांजाचे विनोद कळणाऱ्यांना सांगायला नको. तो ऐकण्याआधी त्यांचा तासाभराचा एकाच गाण्याचा 'डोपस्मोकर' ऐकावा लागेल, जो लेबलने नाकारला आणि बँड फुटला. त्याला रविवारची दुपार मोकळी ठेवा, आणि जेवण झाल्याझाल्या लावू नका, झोप लागते.