आबांची आंघोळ बसून व्हावी म्हणून: मोरी फोडण्याआधीची तयारी

मिस्तरी यायच्या निदान आठ दिवस आधी, जो माणूस मोरीत बसून आंघोळ करणार आहे त्याला घरातल्या खुर्चीवर, बाजेवर, ओट्यावर आळीपाळीने बसवून बघा. आमच्या अमळनेरच्या घरात याच कामाने सगळा बेत बदलला. जन्मभर पाटावर बसून आंघोळ केलेले आबा एकदाच म्हणाले, "माले आते खाले बठता येत नही." तोवर आम्ही फक्त टाइल्सचे रंग बघत होतो.

कुठल्या उंचीवरून हाताचा जोर न लावता उठता येतं, ते टेपने मोजा. अमेरिकेत अपंगांच्या सोयीसाठी जे बांधकामाचे निकष आहेत (एडीए), ते शॉवरमधल्या बैठकीसाठी १७ ते १९ इंच उंची सांगतात. आपल्या घरातली बुटकी आजी मात्र १९ इंचांवर बसली की पाय लोंबकळतात, म्हणून आकडा आपल्या माणसाचाच घ्या. पाऊल पूर्ण टेकलं पाहिजे आणि बसल्यावर कंबर गुडघ्याच्या किंचित वर राहिली पाहिजे. आबांना १८ इंच जमले, आईला १६. पायाखाली पाट देऊन हा फरक भरून काढू नका, ओल्या फरशीवर पाट सरकतो. आम्ही पक्क्या ओट्याचा विचार सोडला आणि रबरी बूट असलेली, हातांची, पाय कमीजास्त होणारी अ‍ॅल्युमिनियमची खुर्ची धरली.

ओटा बांधायचाच असेल तर मिस्तरीला दोन गोष्टी आधी सांगा. उंची मोजायची ती फरशी बसल्यानंतरची. माल आणि टाइल मिळून दीड-दोन इंच सहज खातात. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे आणि तीच हमखास राहते: ओटा खालपर्यंत विटांनी भरून टाकू नका. उठताना माणूस पाय मागे घेतो, टाचा गुडघ्यांच्या मागे गेल्याशिवाय अंगाचा भार पुढे येतच नाही. म्हणून खाली चार-पाच इंचांची खोबण तरी हवी. वर चकचकीत ग्रॅनाइट नको, साबणाच्या पाण्याने ते काचेसारखं होतं. खरबरीत फिनिश घ्या, कड गोल करून घ्या आणि पाणी साचणार नाही इतकाच बारीक उतार पुढे द्या.

आता बादली. शॉवरच्या बैठकीची माहिती वाचत गेलात तर बादलीचा उल्लेख कुठे सापडत नाही, आणि आपली आंघोळ तर बादली-तांब्याची. माणूस १८ इंचांवर आणि बादली जमिनीवर, म्हणजे प्रत्येक तांब्याला कमरेत वाकून पुढे झुकायचं. तोल तिथेच जातो. माझी आई तशीच पुढे गेली होती; मनगटावर निभावलं, पण तो आवाज अजून माझ्या कानात आहे. बादलीसाठी वेगळा पक्का कट्टा घ्या, बादलीचा काठ बसलेल्या माणसाच्या मांडीच्या जरा वर येईल इतका, आणि तो ज्या हाताने तांब्या धरतात त्याच बाजूला. नळ बादलीच्या वर, बसल्या जागेवरून हाताला येईल असा.

सोबत हँडशॉवरची सोय ठेवाच, निदान पाइप तरी आताच भिंतीत टाकून घ्या. त्याआधी छतावरची टाकी बघा. टाकीतलं पाणी आणि शॉवर यांच्यात दहा फुटांचं उभं अंतर असेल तर दाब जेमतेम ०.३ बार येतो. खूप बारीक छिद्रांचा शॉवर तेवढ्यावर नुसता ठिबकतो. बसलेल्या माणसाचा शॉवर खाली असतो, एवढाच काय तो फायदा. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड, छिद्रं क्षारांनी बुजतात; बोटाने घासून साफ होणारी रबरी छिद्रं बघून घ्या.

गरम पाण्याचं खानदेशात वेगळं सांगायला हवं. वैशाखात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि दुपारी टाकीतून थेट येणारं 'गार' पाणीही चटका देतं. मधुमेहामुळे पायाची जाणीव कमी झालेल्या माणसाला तो चटका कळतच नाही. टाकी सावलीत घ्या किंवा झाका, गीझर ४५ ते ५० अंशांवरच ठेवा, आणि पाणी आधी बादलीत काढून कोपराने बघायची सवय लावा. गीझरच्या लाइनवर ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज लगेच तोडणारा स्विच) आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेतल्याशिवाय काम पुढे नेऊ नका.

आधाराच्या दांड्यांचं काम टाइल्स लागायच्या आधीचं आहे. टॉवेलची दांडी म्हणजे आधार नव्हे, आणि चोषकाने चिकटणारे हँडल तर विश्वासाचं नाहीच. एडीएत दांडीने २५० पौंड, म्हणजे ११३ किलो भार पेलावा असं आहे. नऊ इंची विटांची भिंत असेल तर लांब अँकरने काम होतं. साडेचार इंची आडभिंतीत आरपार बोल्ट आणि मागे प्लेट लावा. जुन्या धाब्याच्या घरातल्या मातीच्या भिंतीवर दांडी ठोकूच नका, जमिनीपासून उभा पाइप घ्या. बसल्यावर एक आडवी दांडी कडेच्या भिंतीवर, आत येताना धरायला एक उभी दाराजवळ. पाठीमागच्या दांडीपर्यंत कुणाचा हात पोचत नाही. दांडी नेमकी कुठे, हे पेन्सिलने तुम्ही ठरवू नका, आबांना बसवून त्यांचा हात जिथे जातो तिथे खूण करा. प्लास्टरच्या आधी भिंतीचे फोटोही काढा, टेप लावून, म्हणजे पुढे ड्रिल मारताना पाइप फुटणार नाही.

दार बाहेर उघडणारं हवं. आत माणूस पडला तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं. कडी बाहेरून उघडता आली पाहिजे. उंबरा काढून टाका, पाणी उताराने अडवा. फरशी मॅट घ्या, आर११ (घसरण रोखण्याचा दर्जा) मिळाली तर उत्तम, आणि दुकानातच तिच्यावर पाणी आणि साबण टाकून अनवाणी उभं राहून बघा. टाइल्सच्या आधी वॉटरप्रूफिंग करून पाणी तुंबवून ठेवायचं, किमान २४ तास. त्यासाठी टाकी भरलेली हवी, म्हणून नळाला पाणी कुठल्या दिवशी येतं ते बघून तारीख ठरवा.

मोरी बंद असेपर्यंत म्हातारी माणसं आंघोळ कुठे करणार, तेही आधी ठरवा. आम्ही आबांना दहा दिवस काकांकडे पाठवलं. ते परतले तेव्हा साबणाचा कोनाडा अजून बसवायचा होता. कोरड्या मोरीत, कपड्यांसकट, खुर्चीवर बसवून त्यांना साबण घ्यायला सांगितलं. हात मागे वळवावा लागला. मिस्तरीने तिथेच खूण पुसली आणि कोनाडा समोरच्या भिंतीवर घेतला.