शोभेची मिरची पानाच्या रंगावरून ओळखताय? मग या चुका टाळा

थंडी सुरू झाली की मला व्हॉट्सॲपवर रोपांचे फोटो येतात, "ही ब्लॅक पर्लच ना?" म्हणजे ती काळ्या पानांची शोभेची मिरची. रोप दोन बोटं उंच, पानं चार, त्यातली दोन तर बीजदलं, म्हणजे बी उगवताना येणारी पहिली पानं. बीजदलं पाहून व्हरायटी सांगणारं कोणी असेल तर मलाही नंबर द्या.

सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते हिरवं रोप दिसलं की "फसवलं" म्हणून फेकून देणाऱ्यांमुळे. ब्लॅक पर्ल अमेरिकेच्या कृषी खात्याच्या संशोधकांनी काढलेली, 2006 ची ऑल-अमेरिका सिलेक्शन्स या वाणांच्या स्पर्धेची विजेती, पण तीसुद्धा लहानपणी हिरवीच असते. काळा-जांभळा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा, आणि तो ऊन मिळाल्याशिवाय चढत नाही. आमच्या त्रिमूर्तीनगरातल्या एका काकूंनी ट्रे ठेवला उत्तरेच्या गॅलरीत, रोपं छान हिरवीगार झाली, तर म्हणे "दुकानदारानं साधी मिरची टेकवली जी मला," आणि सगळी रोपं कामवाल्या ताईंना देऊन मोकळ्या. ताईंच्या अंगणात दिवसभर ऊन. काही आठवड्यांनी ताई विचारत आल्या, "काकू, मिरची जळून राह्यली का? पानं काळी पडून राह्यली." काकूंनी जाऊन पाहिलं, परत मागायची सोय नव्हती, आणि दुकानदारावरचा राग मात्र अजून तसाच आहे. माझी सवय अशी की सहा-आठ खरी पानं येईपर्यंत निकाल द्यायचाच नाही, आणि ऊन हळूहळू वाढवायचं, सावलीतलं रोप एकदम दुपारच्या उन्हात ठेवलं तर पानं पांढरी पडून करपतात.

याच्या उलटी चूक म्हणजे जांभळं दिसलं की शोभेची समजणं. डिसेंबर-जानेवारीत नागपुरात रात्री पारा दहाच्या खाली जातो, माती गार पडली की मुळांना फॉस्फरस नीट उचलता येत नाही आणि साध्या ज्वाला मिरचीची पानंसुद्धा, विशेषतः खालच्या बाजूनं, जांभळी होतात, वर वाढही थांबते. लोक लगेच डीएपी, म्हणजे फॉस्फरसचं खत, ओततात. अजी थांबा ना! रात्री ट्रे घरात घ्या, थंडी ओसरली की नवी पानं हिरवी येतात का पाहा, आली तर तो जांभळेपणा थंडीचाच होता. पेरांवरचा जांभळा पट्टाही खूण नाही, तो कितीतरी साध्या मिरच्यांवर असतो.

पानं हिरवी म्हणजे शोभेची नाही, हेही डोक्यातून काढा, न्यूमेक्स ट्वायलाइट या शोभेच्या मिरचीची पानं शेवटपर्यंत हिरवी, रंगांची मजा सगळी फळांत.

पांढरे ठिपके? फिश पेपर या मिरचीचं पान चितकबरं असतं पण सपाट असतं, आकसून वळलं असेल तर तो चुरडा-मुरडा रोग, थ्रिप्स (रस शोषणारे बारीक किडे) शोधा. पूर्ण पांढरं रोप जपत बसू नका, हरितद्रव्यच नाही तर जगणार कशावर.

नर्सरीच्या ट्रेमधलं जांभळट रोप हातानं चोळून बघा, लव लागली तर वांगं आहे.

शेजारी भिवापुरी मिरची लावली असेल तर घरच्या बियांची रोपं कशीही निघू शकतात, मधमाशा विचारून येत नाहीत.

आणि ट्रेला नावं लावा हो, आइस्क्रीमच्या काडीवर पेन्सिलीनं. मार्करचं अक्षर आपल्या उन्हात एप्रिलपर्यंत उडून जातं आणि मग पुन्हा मलाच फोटो येतात.