जुन्या स्क्रू लेन्ससाठी अ‍ॅडॅप्टर घेताना

रेंजफाइंडर कॅमेऱ्यात (वेगळ्या खिडकीतून दोन प्रतिमा जुळवून फोकस करतात तो) लेन्समधून बघता येत नाही, त्यामुळे आधी तपासलं नाही तर अ‍ॅडॅप्टरची चूक रोल धुतल्यावरच कळते. लायका स्क्रूची (आट्याने फिरवून बसणारी जुनी) लेन्स लायका एमवर (खटक्याने लेन्स बसणाऱ्या नंतरच्या कॅमेऱ्यावर) लावायची, तर मधली कडी, म्हणजेच अ‍ॅडॅप्टर, बरोबर १ मिमी जाडीची हवी, कारण फिल्मपासूनचं अंतर स्क्रूला २८.८ आणि एमला २७.८ मिमी असतं. कडी जाड असली तर अनंतावर फोकस पोचतच नाही. घेताना मायक्रोमीटरने चार बाजूंनी मोजा. दुकानदाराला राग आला तरी मोजाच.

दुसरी तपासणी आपल्या किनाऱ्यावर फुकट होते. रत्नागिरीच्या रत्नदुर्गावर उभं राहा, लेन्स अनंताच्या टोकाला न्या आणि क्षितिजावरचं जहाज बघा. दोन्ही प्रतिमा एकावर एक नीट बसायला हव्यात. आधी कॅमेऱ्याचा रेंजफाइंडर जुळलेला असल्याची खात्री करून घ्या.

झेनिट या रशियन कॅमेऱ्याच्या जुन्या एसएलआर (लेन्समधूनच बघायच्या कॅमेऱ्याच्या) लेन्सनाही लायका स्क्रूसारखा ३९ मिमीचाच आटा असतो. बसतात छान, पण त्यांचं अंतर ४५.२ मिमी, म्हणून फोकस मिळत नाही. यात बरेच जण फसतात.

५०, ३५ आणि ९० मिमीच्या लेन्ससाठी कड्या वेगळ्या असतात. व्ह्यूफाइंडरमधली (बघायच्या खिडकीतली) फोटोत किती येईल ते दाखवणारी चौकट त्यांच्यावरच ठरते.

आणि खारी हवा! अ‍ॅल्युमिनिअमची कडी पितळी आट्यावर पावसाळाभर तशीच राहिली तर गंजून जाम होते. मी तरी पितळेचीच घेतो, आणि जूनआधी काढून, पुसून सिलिका जेलच्या डब्यात ठेवतो.